बळ्ळारी नाल्याचा नुसता गाळ काढून काय होणार?

पाऊस चार दिवस लागून राहिला की बेळगावात एकच मागणी सुरू होते : बळ्ळारी नाल्यातला गाळ काढा. काढा की, कोण नको म्हणतंय? जलपर्णीही काढा. पण येळ्ळूर-अनगोळकडून वडगाव, शहापूरच्या शिवारातून हलगा-अलारवाडकडे जाणारा हा नाला पावसाळ्यात नुसत्या पात्रातून कधीच वाहत नव्हता. पाणी भाताच्या वाफ्यांत पसरायचं, बांधाबांधावरून सावकाश उतरायचं. ज्या शिवारात बेळगावचा बासमती पिकला आणि भातानंतर मसूर, वाटाणा झाला, ते शिवार म्हणजेच नाल्याची खरी रुंदी.

त्या रुंदीवर आता ले-आऊट पडतायत. एकानं भराव टाकून प्लॉट उंच केला की पाणी शेजारच्या वाफ्यात. रोप कुजलं, दुबार लागवड, पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी तो शेतकरी स्वतःच एजंटला फोन करतो. आणि 'पोरांना शेती नको हो' म्हणायला आपण मोकळे.

हलगा-मच्छे बायपासला विरोध करणाऱ्यांना विकासाच्या आड येणारे ठरवलं गेलं. शिवारातून रस्त्याचा भराव गेला म्हणजे आडवा बांधच झाला. मोऱ्या कुठे नि केवढ्या ठेवल्या, यावर वरच्या अंगाचं भात तरणार की बुडणार हे ठरतं. चिखल तुडवलेल्या कुणालाही विचारा.

आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा!). शहर राकसकोप धरणाचंही पाणी पितं, म्हणजे मार्कंडेय नदीचं. वापरलेलं पाणी गटारीतून बळ्ळारी नाल्यात, आणि नाला पुढे परत मार्कंडेयलाच मिळतो. तिथून घटप्रभा, मग कृष्णा. वरून स्वच्छ घ्यायचं, खाली काळं सोडायचं. मधल्या गावांनी त्याच पाण्यात उभं राहून भात लावायचं.

माझं म्हणणं एवढंच : गाळाचं टेंडर निघण्याआधी जुन्या मोजणी नकाशावरून नाल्याची हद्द आखा, दगड रोवा. दोन्ही अंगांच्या बुडित वाफ्यांत भराव बंद. एन.ए. (बिगरशेती परवानगी) देताना तिथलं पाणी कुठे जाणार, हे कागदावर लिहून घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा हे सगळ्यांना पटत होतं.

आणि 'अलारवाडजवळ स्वस्तात दोन गुंठे आहेत काय' असं इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांनो, इसार देण्याआधी जुलैत एकदा तिथं जाऊन या. गाडी रस्त्यावरच लावा, आत जाणार नाही.