भाकरी चालते, मग हक्क का नको?

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रॉबर्ट चिडूनच आला. तो माहीमचा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी ख्रिस्ती. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू आहे, चर्चमध्ये कॅरिटास या कॅथलिक मदतसंस्थेसाठी देणगीची पाकिटं वाटलीत, आणि ऑफिसात कुणीतरी त्याला विचारलं होतं, "यातून किती जणांना बाटवणार?"

महेश म्हणाला, "शब्द वाईट आहे, पण शंका खोटी नाही. केडगावचं मुक्ती सदन बघ. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली, विधवा आणल्या, जगवल्या. त्यातल्या कितीतरी जणी ख्रिस्ती झाल्या. पोटात अन्न नसलेल्या माणसाने केलेली निवड मोकळी कशी म्हणायची?"

नीता उसळली. "त्या पोरींना तेव्हा दुसरं कोण घरात घेणार होतं, ते सांग आधी!"

मला दोघांचंही पटतं, पण महेशची शंका जास्त महत्त्वाची वाटते. कारण ती चर्चच्या संस्थांनाही पडलेली आहे. रेडक्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी 1994 मध्ये आपत्तीत काम करण्याची एक आचारसंहिता केली. ती करणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनलिस आणि जागतिक चर्च परिषदही होत्या. मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही, आणि तिचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. चर्चला जाब विचारायचा तर याच कागदावर बोट ठेवून विचारावा.

"कागदावर काय, काहीही लिहितात," महेश म्हणाला. "कॅनडात चर्चच्या निवासी शाळांनी आदिवासी मुलं आईबापांपासून तोडली. पोपना 2022 मध्ये तिथे जाऊन माफी मागावी लागली."

यावर रॉबर्ट गप्प राहिला नाही, हे मला आवडलं. "मागायलाच हवी होती," तो म्हणाला. "पण मग एडनचंही बोल." येमेनच्या एडन शहरात मदर तेरेसांच्या संस्थेचा वृद्धाश्रम होता. 4 मार्च 2016 ला बंदूकधारी आत घुसले, चार नन्ससह सोळा जणांना मारलं. त्या चौघींतली एक आपल्या झारखंडची. तिथले फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेलं, ते सुटले थेट 2017 च्या सप्टेंबरात. युद्ध पेटल्यावरही त्या बायका म्हाताऱ्यांना सोडून गेल्या नव्हत्या. कुणाला बाटवायला त्या तिथे थांबल्या होत्या?

महेशने मग परदेशी पैशांकडे गाडी वळवली. नीता सीएच्या ऑफिसात हेच काम बघते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत येते, प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेवटची अट गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना फार जाचते, असं ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. ज्यांची दिल्लीपर्यंत ओळख नाही, त्यांना मोठ्या संस्थांमार्फतच पैसा पोचायचा.

"ठीक आहे," महेश म्हणाला. "भाकरी द्या, औषध द्या. पण मानवी हक्कांच्या भानगडीत फादर लोकांनी कशाला पडायचं?"

इथे मात्र मला राहवलं नाही. मदत आणि हक्क वेगळे करताच येत नाहीत. फादर स्टॅन स्वामी झारखंडमध्ये आदिवासींत राहिले. वर्षानुवर्षं तुरुंगात सडणाऱ्या तरुण कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तुरुंगातल्या पोरांना नुसती बिस्किटं वाटली असती, तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं. ती आत का आहेत हे विचारलं, तिथे अडचण सुरू झाली. ऑक्टोबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. माओवाद्यांशी संबंध असल्याचे आरोप त्यांनी नाकारले होते. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे, म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला ते इथेच, वांद्र्याच्या हॉस्पिटलात वारले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, आणि खटला उभाही राहिला नव्हता.

"प्रकरण कोर्टात आहे, मी त्यावर बोलणार नाही," महेश म्हणाला.

"त्यावर नको बोलूस," नीता म्हणाली. "सिपरवर बोल."

महेशने रॉबर्टकडे पाकीट मागितलं. पैसे टाकतो, पण कुठे खर्च झाले ते मला लेखी हवं, म्हणाला. रॉबर्टने ते कबूल केलं.