तेलाचे भाव पडले की नोकऱ्या का जातात: फिरणाऱ्या मजकुरातली चार चुकीची विधानं

क्रूड स्वस्त झालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: भाव पडले की तेल कंपन्या तोट्यात जातात, विहिरी बंद होतात म्हणून माणसं काढतात, भाव चढले की सगळ्यांना परत बोलावतात, आणि आखातात राजीनामा दिला काय किंवा काढलं काय, पैसे तेवढेच मिळतात. 2014 ते 2016 ची मंदी समोर ठेवली तर यातलं एकही विधान टिकत नाही.

"तोट्यात जातात म्हणून." जून 2014 मध्ये ब्रेंट (जागतिक भावाचा मापदंड धरलं जाणारं क्रूड) पिंपाला 115 डॉलरपर्यंत होतं, जानेवारी 2016 मध्ये ते 28 च्याही खाली आलं. शेव्हरॉन या अमेरिकी तेल कंपनीने 2015 साली सुमारे 4.6 अब्ज डॉलर नफा कमावला आणि त्याच वर्षी सहा ते सात हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं. भागधारकांचा लाभांश मात्र कापला नाही. कात्री लागली ती पुढच्या वर्षांच्या ड्रिलिंगच्या बजेटला, आणि त्या बजेटवर जगणाऱ्या माणसांना. (ब्रिटिश तेल कंपनी बीपीला त्या वर्षी तोटा झाला खरा, पण 2010 च्या मेक्सिको आखातातल्या गळतीची भरपाईही त्यात होती.)

"विहिरी बंद होतात." मजकुरातली सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेत तेलासाठी 1,609 रिग (विहीर खोदणारी यंत्रणा) चालू होत्या, मे 2016 मध्ये 316 उरल्या. म्हणजे ऐंशी टक्के घट. उत्पादन मात्र रोजच्या 96 लाख पिंपांवरून 86 लाखांच्या आसपास आलं, इतकंच. विहीर एकदा खोदली, केसिंग (भोकाला आतून बसवायचा पोलादी पाइप) बसलं, सिमेंट झालं की मोठा खर्च होऊन गेलेला असतो. पुढे लागतात वीज, रसायनं, पाणी वेगळं करणं आणि देखभाल. तेवढं सुटत असेल तर कुणी विहीर बंद करत नाही. शिवाय बंद ठेवलेल्या विहिरीत ट्यूबिंगला (तेल वर आणणाऱ्या पाइपला) मेण धरतं, तळाशी पाणी साचतं, आणि पुन्हा सुरू करायला वर्कओव्हरचा (विहिरीच्या दुरुस्तीचा) खर्च येतो. म्हणून प्लॅटफॉर्मवरचा प्रॉडक्शन ऑपरेटर बहुधा टिकतो, आणि ड्रिलिंग, मड (खोदताना भोकात फिरवायचा द्रव), सिमेंटिंग, वायरलाइन (तारेवरून विहिरीत उपकरणं सोडणं), फ्रॅकिंग (दाबाने खडक फोडणं) करणारे आधी जातात. यातले बहुतेक तेल कंपनीच्या पगारपटावर नसतातच, ते ही कामं कंत्राटावर करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांचे. त्यातल्या एकट्या श्लंबर्जेने नोव्हेंबर 2014 ते 2015 अखेर सुमारे 34 हजार माणसं कमी केली. फक्त तेल कंपन्यांचे आकडे मोजणाऱ्याला हे दिसतच नाही.

मुंबई हायवर धक्का उशिरा जाणवतो. जॅक-अप रिग (समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या) साधारण तीन वर्षांच्या भाडेकराराने येतात, त्यामुळे कस लागतो तो नव्या निविदेच्या वेळी.

"भाव चढले की परत घेतात." काहींना घेतात. ऑक्टोबर 2018 मध्ये ब्रेंट 80 डॉलरच्या वर गेलं. त्या वर्षअखेरीला अमेरिकेत तेलाच्या सुमारे 885 रिग होत्या, म्हणजे 2014 च्या निम्म्यापेक्षा थोड्या जास्त, आणि उत्पादन तोवरचं सर्वाधिक. कारण कामाची पद्धत बदलली: एकाच पॅडवर (खोदकामासाठी तयार केलेल्या जागेवर) ओळीने विहिरी, रिग न उकलता सरकवायची, पाइप हाताळायला यंत्र. जितक्या रिग कमी, तितके क्रू कमी.

"राजीनामा किंवा काढलं, सारखंच." सौदीत तरी नाही. तिथल्या कामगार कायद्यानुसार सेवाअखेरची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, तोही शेवटच्या पगारावर. आठ वर्षं झालेल्याला काढलं तर साडेपाच पगार मिळतात. त्यानेच राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या सेवेला दोन तृतीयांशच, म्हणजे सुमारे 3.67 पगार. दोन ते पाच वर्षांना एक तृतीयांश, दोन वर्षांच्या आत शून्य. दहा वर्षं पूर्ण झाली की मात्र राजीनाम्यावरही पूर्ण रक्कम. मंदीत "राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड चांगलं राहील" असं सांगितलं जातं, तेव्हा सही करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा, आणि सेवा संपल्याच्या कारणापुढे काय लिहिलंय ते अरबी मजकुरातही वाचून घ्यावं.