कर्ज मुलाचं, घर बाबांचं, हिशोब कुणाचा?

युनिव्हर्सिटीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी घरांत दरवर्षी तोच वाद सुरू होतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा एखाद्या छोट्या आयटी कंपनीत पंचवीस हजारांवर रुजू व्हायचं, की कर्ज काढून इंग्लंडला मास्टर्स करायला निघायचं? यंदा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तो झाला. एक काका म्हणाले, "इथं काय ठेवलंय? पोरगं हुशार आहे, जाऊ दे." त्यावर मावशी म्हणाली, "गेलेली पोरं सायकलवरून जेवण पोचवतायत, ते नाही दिसत कुणाला?" दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण एवढ्या चर्चेत एकही आकडा आला नाही, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं तो मुलगा त्या ग्रुपवर नव्हताच.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला एका कंपनीच्या पगार विभागात काम करते. नुकत्याच डिग्री घेतलेल्या मुलामुलींची पहिली पगारपत्रकं माझ्या हातून जातात, आणि त्यांत इथली मुलं असतात तशी आपल्याकडून आलेलीही असतात. म्हणून जे आकडे मला रोज दिसतात ते आधी मांडते.

समजा ३५ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज साडेदहा टक्के, मुदत १० वर्षं. शिकत असताना व्याज भरत राहिलात तर हप्ता साधारण ४७ हजार रुपये बसतो. न भरलात आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल, तर दोन वर्षांत सात लाखांवर व्याज चढतं आणि हप्ता त्याहून वाढतो. इंग्लंडमध्ये कामाचा व्हिसा मिळायला नवख्यांसाठी बहुतेक व्यवसायांत किमान ३३,४०० पौंडांचा पगार लागतो, हा २०२५ मधला नियम. त्यातून कर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शन वजा जाऊन महिन्याला जेमतेम २,२०० पौंड हातात येतात. पौंड ११५ रुपयांना धरला तर हप्त्याचे ४१० पौंड त्यातून निघतात. चणचण भासेल, पण निभावेल. तशी नोकरी मिळाली नाही आणि परत येऊन बडोद्यात तीस हजारांवर काम धरावं लागलं, तर मात्र हप्ता पगाराच्या दीडपट होतो. काका आणि मावशी ज्याच्यावर भांडत होते ते सगळं या दोन वाक्यांत आहे, आणि हा हिशोब कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधी घरात बसून करता येतो.

मधले खर्च तर कुणी सांगतच नाही. मास्टर्स संपल्यावर नोकरी शोधायला जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्याचं शुल्क २०२५ मध्ये ८८० पौंड होतं आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. दोन वर्षांचे मिळून जवळजवळ तीन हजार पौंड, म्हणजे तीन लाखांहून जास्त, हातात नोकरी नसताना एकरकमी भरायचे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना मास्टर्सनंतर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. "पार्टटाइम करून फी काढेल" ही समजूतही सोडावी. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. २०२५ मधल्या १२.२१ पौंडांच्या किमान वेतनाने, आणि तेही प्रत्येक आठवड्याला पूर्ण तास मिळाले तर, महिन्याला हजारभर पौंड होतात. त्यात भाडं आणि किराणा भागतो, फीला हात पोचत नाही.

इथल्या मुलांवरही शिक्षणाचं कर्ज असतं, आणि ते थोडं नसतं. पण त्याची रचना वेगळी आहे. ऑगस्ट २०२३ नंतर शिकायला लागलेल्या इंग्लंडच्या विद्यार्थ्याला वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर जेवढी कमाई असेल तिच्या फक्त नऊ टक्के परत द्यावे लागतात. ३० हजार पगार असेल तर महिन्याला ३७ पौंड. नोकरी गेली की वसुली थांबते, आणि ४० वर्षांनी जे उरेल ते माफ होतं. मला ही व्यवस्था निर्दोष वाटत नाही, चाळीस वर्षं कापून घेणं हा छोटा भार नव्हे. तरीही मुलाचा जम बसला नाही तर तोटा सरकार सोसतं, आईवडिलांच्या घरावर जप्ती येत नाही. आपल्याकडे मोठं कर्ज असलं की बहुतेकदा फ्लॅट गहाण पडतो आणि सहअर्जदार म्हणून बाबांची सही लागते. दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाची. मग "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो" हे वाक्य कितीही मायेने म्हटलेलं असलं तरी मुलावर अन्याय करतं, कारण धोका कुणावर येणार आहे हे त्याच्यापासून लपवलं जातं.

ही सवय आपल्यात आली कुठून, याचा विचार मी परदेशात आल्यावरच करू लागले. बडोद्याचे मराठी बहुतांशी गायकवाडांच्या राज्याबरोबर आले. कारकून, शिक्षक, अंमलदार. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या आमच्या घरांत एक तारखेला पगार, म्हातारपणी पेन्शन, मधे पोस्टाची बचत आणि एलआयसी असं आयुष्य पिढ्यान् पिढ्या चाललं. पैशाविषयी बोलायची गरजच पडली नाही, कारण पुढचं सगळं ठरलेलं असे. वर्गातल्या गुजराती मैत्रिणी सुट्टीत दुकानाच्या गल्ल्यावर बसायच्या. उधारी, व्याज, उलाढाल हे शब्द त्यांच्या जेवणाच्या ताटाभोवती असायचे, आमच्याकडे तो विषय निघाला की मुलांना अभ्यासाला पाठवत. आता केंद्र सरकारनेही १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली आणि खासगी नोकरीत तर ती नव्हतीच. आयुष्य बदललं, घरातलं मौन तसंच राहिलं.

ज्या राजाच्या नावाची आपली युनिव्हर्सिटी आहे, त्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती लेखी करार करून. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची ही अट कागदावर होती. पैसे किती, किती दिवस, बदल्यात काय, हे शिकायला जाणाऱ्याला जाण्याआधी ठाऊक होतं. (१९१७ मध्ये ते नोकरीसाठी आले तेव्हा याच शहराने जातीपायी त्यांना राहायला जागा दिली नाही. ही शिष्यवृत्ती अभिमानाने सांगताना बडोदेकरांनी ते गाळू नये.) घरच्या कर्जातही इतकी स्पष्टता असायला काय हरकत आहे?

आता बडोद्यातच राहणाऱ्यांविषयी, कारण त्यांना उगीच हरलेलं समजतात. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला २९ हजार, असं मुलं धरून चालतात. मूळ पगार १५ हजार असेल तर त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी आधीच मोजलेली असते, वर स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो, आणि हातात येतात साडेचोवीस हजारांच्या आसपास. पण या मुलाला भाडं नाही. घरी पाच हजार दिले, स्वतःवर चार-पाच खर्च केले तरी पंधराएक हजार उरतात, तीन वर्षांत पाच लाख. लीड्समध्ये पहिल्या नोकरीवर असलेला माझा कुठलाही सहकारी पगाराचा एवढा वाटा मागे टाकू शकत नाही, भाडं आणि प्रवास त्याचा अर्धा पगार खातात. शिवाय तीन वर्षांचा अनुभव घेऊन बाहेर पडणाऱ्याला कर्ज कमी लागतं आणि मुलाखतीत सांगण्यासारखं काही असतं.

घरी पैसे द्यायचे, हे वाचून काही आया दुखावतील. इथे यॉर्कशरमध्ये कमावता मुलगा आईवडिलांकडे राहत असेल तर दर महिन्याला ठरलेली रक्कम देतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याला ते कोरडं वाटतं. मला आता ते योग्य वाटतं. पैसे नको असतील तर निदान वीजबिल आणि पाइपच्या गॅसचं बिल त्याच्या खात्यातून जाऊ द्या. घर चालतं कशावर हे त्याला तेव्हाच कळतं.

राहिला पीएफ. ब्रिटनने २०१२ पासून नोकरदारांना आपोआप पेन्शन योजनेत घालायला सुरुवात केली. आज किमान आठ टक्के जमा होतात, तीन कंपनीचे, बाकी कामगाराचे आणि करसवलतीचे. बाहेर पडता येतं, पण तीन वर्षांनी कंपनी पुन्हा आत घेते. आणि जमलेल्या पैशाला पन्नाशी उलटल्याशिवाय हात लावता येत नाही. आपला पीएफचा कायदा १९५२ चा, साठ वर्षं आधीचा, आणि त्यात दोन्ही बाजूंचे बारा-बारा टक्के. आपली व्यवस्था इथल्यापेक्षा भक्कम आहे असं मी इथल्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. आपण ती नोकरी बदलली की पैसे काढून वाया घालवतो, आणि सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढले तर वर करही भरतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून नव्या कंपनीत खातं हस्तांतरित करायला खर्च काहीच नाही.

ग्रुपवर ज्याच्याविषयी वाद झाला तो भाचा सप्टेंबरच्या प्रवेशासाठी निघण्याच्या तयारीत आहे. मी त्याला जा किंवा जाऊ नको असं सांगितलेलं नाही. बँकेकडून हप्त्यांचा पूर्ण तक्ता मागव, बाबांच्या निवृत्तीची तारीख त्याच्यावर लिही, आणि नोकरी वर्षभर उशिरा लागली तर हप्ता कुठून जाईल हे आई-बाबांसमोर बसून ठरव, एवढंच कळवलं आहे.