हा लाँगची क्रूझ कशी गाजवावी

व्हिएतनामची तिकिटं काढलीत? अभिनंदन. म्हणजे ‘हा लाँग बे’ ही तिथली खाडी ओघानं आलीच. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे जवळजवळ दोन हजार सुळके आणि बेटं, त्यांच्यामधून संथ सरकणारी पांढरी बोट, डोळ्यांवर गॉगल, हातात शहाळं आणि स्टेटसला फोटो. मी परवाच जाऊन आले. खरं तर बेटांपेक्षा बोटीवरची मंडळीच जास्त पाहिली, कारण ती दुसरीकडे बघूच देत नव्हती. क्रूझ कशी गाजवायची असते याचं जे फुकट शिक्षण त्यांच्याकडून मिळालं, ते माझ्यापाशी कुजवण्यापेक्षा तुम्हाला देऊन टाकते.

आधी महिना ठरवा, आणि तो ठरवताना हवामान अजिबात बघू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथं आकाश मोकळं आणि हवा छान असते, म्हणून दरही चढे असतात. आपण जुलै-ऑगस्टची ऑफर उचलावी. दर का उतरले हे विचारायचं नाही. तो वादळांचा मोसम आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळानं याच भागात आसऱ्याला उभ्या असलेल्या पर्यटक बोटीसुद्धा बुडवल्या, हे ऑफरच्या चकचकीत चित्राखाली लिहिलेलं नसतं, त्याअर्थी ते महत्त्वाचं नसणार. फेब्रुवारीही चालेल. तेव्हा धुकं आणि बुरबुर पाऊस असतो, समोरचं बेट दिसेलच असं नाही. नाही दिसलं तर गाइडला जाब विचारा, ‘फोटोत तर पाणी हिरवंगार होतं!’ (मी कधी गेले होते ते विचारू नका. रजा ऑफिस देतं, वेधशाळा नाही.)

बोट नेमकी कुठं फिरणार, हे एजंटला विचारून त्याचा अपमान करू नका. पाणी म्हटलं की पाणी. मधला गाजलेला हा लाँगचा भाग, ईशान्येचा जरा निवांत बाय तू लाँग आणि दक्षिणेला कॅट बा बेटाला लागून असलेला ‘लान हा’ हे तीन वेगवेगळे पट्टे आहेत, प्रत्येकाचे धक्के वेगळे, गर्दी वेगळी. युनेस्कोनं हा लाँगला 1994 मध्ये जागतिक वारशात घेतलं आणि कॅट बाचा भाग त्यात जोडला तो थेट 2023 मध्ये. पण त्यांना वेळ होता, तुम्हाला नाही. तुम्ही सरळ हनोईहून अडीच तासांचा एक्सप्रेस-वे धरा, तुआन चाऊच्या धक्क्यावर उतरा आणि आपली बोट पार हाय फाँगच्या बाजूच्या धक्क्याला लागली आहे हे तिथं गेल्यावर शोधून काढा. मग घरच्यांकडे बघून म्हणा, ‘यांचं काही प्लॅनिंगच नाही.’

वाटेत गाडी मोत्यांच्या दुकानापाशी थांबेल. थांबू द्या. शौचालय दुकानाच्या पार शेवटच्या टोकाला का आहे, यावर विचार करत बसू नका.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, सरकारी साइटवर एकेरी प्रवेशाचे 25 डॉलर पडतात. म्हणून ती साइट टाळावी. तिच्यासारखीच दिसणाऱ्या साइटवर दुप्पट-तिप्पट भरून ‘अर्जंट’ करून घेण्यात वेगळीच प्रतिष्ठा आहे.

तारे बघा, तारे! पाच तारे हल्ली कुणालाही देतात. सहा तारेवाली बोट मागा, मिळते. सहावा तारा कुणी दिला हे तो देणाऱ्यालाच ठाऊक. आणि ‘2 दिवस 1 रात्र’ या हिशोबात डोकं घालू नका. पहिल्या दिवशी दुपारी बाराला चढायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सामानासकट धक्क्यावर उभं राहायचं, याला तिकडे दोन दिवस म्हणतात. तेवढ्यात जेवण, गुहा, डोंगर, कयाक, स्प्रिंग रोल वळण्याचा वर्ग, रात्री माकुल पकडणं आणि पहाटे सहाला डेकवर ताई ची, एवढं सगळं बसवलेलं असतं. बेटांकडे बघायचा कार्यक्रम वेळापत्रकात नाही. तो तुम्हाला गुहेतून डोंगराकडे जाताना जमवायचा आहे, तोही मोबाइल चार्जिंगला लावलेला असेल तर.

पैशांचं तिथं फार सुख आहे. एका रुपयाला साधारण 300 डाँग, म्हणजे पस्तीस हजारांच्या आत आपण कोट्यधीश. त्यात 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 ची नोटही निळसर. वेटरला टीप शक्यतो रात्री, दिवे मंद झाल्यावर द्यावी. बंगल्याचा पाया घालून याल. 2,00,000 च्या नोटेच्या मागे याच खाडीतला खडक छापलेला आहे. गाइड तो खडक आणि ती नोट शेजारी धरून दाखवतो, तेव्हा ‘हे काय, एवढासाच?’ असं मोठ्यानं म्हणायचं.

टी टॉप बेटावर चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव 1962 मध्ये हो चि मिन्ह यांच्याबरोबर इथं आला होता, त्याचं नाव या बेटाला दिलं आहे. पृथ्वीभोवती फिरून आलेला माणूस म्हणे. पण तुमच्या रीलपुढे तो कोण? निम्म्या चढावर, जिथं पायऱ्या सर्वात अरुंद आहेत, तिथं थांबा. मागं रांग तुंबू द्या. ‘एकच मिनिट हं’ हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत समजतं.

सुंग सॉट गुहेत मोठ्यानं ओरडून प्रतिध्वनी तपासा. लाखो वर्षं ती गुहा त्याचीच वाट बघत होती.

तरंगतं कोळीवाडं बघायला गेलात तर ‘पूर्वीसारखं अस्सल राहिलं नाही’ अशी खंत जरूर करा. तिथली बहुतेक कुटुंबं 2014 मध्ये किनाऱ्यावर घरं देऊन हलवली. मुलांची शाळा, दवाखाना, असली क्षुल्लक कारणं. तुमच्या एका फोटोसाठी त्यांनी पाण्यावर राहायला काय हरकत होती, कळत नाही.

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर खाडीत 2019 पासून बंदी आहे. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं गादीखाली बसतं.

शाकाहारी असाल तर आधी कळवू नका. ऐन जेवणाच्या वेळी, बफेसमोर उभं राहून, मागची रांग थोपवून एकेका भांड्याकडे बोट दाखवत विचारा. फिश सॉस नसलेला पदार्थ बोटीच्या स्वयंपाकघरात शोधायला त्या आचाऱ्याला जरा व्यायाम होऊ द्या. मग नाक मुरडून पिशवीतला चिवडा काढा आणि त्याचे कागद खिडकीतून… असो.

डेकवर स्पीकर न्यायचाच. आजूबाजूला आणखी पंधरा-वीस बोटी नांगरलेल्या असतात. आपल्याला कुठली गाणी आवडतात हे त्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गानं कळणार?

आता सगळ्यात मोठी कला, जी मी त्या रात्री प्रत्यक्ष शिकले. बोटीला माघारी फिरायचा हुकूम आला तर काय करायचं?

झालं असं की रात्री जेवणं आटोपल्यावर आमचा गाइड, पंचविशीच्या आतला पोरगा, हातात वॉकीटॉकी घेऊन आला आणि म्हणाला, बंदर प्रशासनाचा निरोप आहे, उद्या सकाळी वादळी पावसाचा इशारा आहे. कयाक रद्द, दुसरी गुहा रद्द, उजाडल्यावर बोट थेट धक्क्याला. झालं. अशा वेळी सर्वप्रथम खुर्ची मागं ढकलून उभं राहायचं. ‘आम्ही पैसे भरलेत’ हे पहिलं वाक्य. हे वाक्य ऐकलं की ढग मागे फिरतात. दुसरं, ‘मॅनेजरला बोलवा.’ मॅनेजर आला की ‘कॅप्टनला बोलवा.’ कॅप्टन आला, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तर त्याच्याशी आणखी मोठ्यानं इंग्रजी बोलायचं. एक काका छाती काढून म्हणाले, ‘आम्ही कोकणातले आहोत, आम्हाला समुद्र शिकवू नका.’ कोकणात तुफानाची सूचना आली की होड्या वर ओढून ठेवतात, हे कोकणातल्या या काकांना कुणी सांगायचं? दुसरे आकाशाकडे बोट दाखवून विचारत होते, ‘कुठाय वादळ? चांदण्या दिसतायत.’ तिसऱ्यांनी बोटीच्या फोटोखाली एक तारा देऊन टाकलासुद्धा, तिथंच, त्या पोराच्या डोळ्यांदेखत. आणि एका कोपऱ्यात एक आजी, दुपारी होडीत बसताना दिलेलं लाइफ जॅकेट मागून घेऊन, ते घालून गप्प बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्यांना म्हणत होता, ‘आई, काढ गं ते, लोक हसतात.’

सगळ्यात बहारीचं दृश्य सकाळचं. वादळ आलं नाही. नुसती भुरभुर पडली, तास-दीड तासात उघडलंसुद्धा. तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते वर्णनापलीकडचं. ‘बघा! म्हटलं नव्हतं? काही झालं नाही. पैसे वाचवायचे धंदे सगळे.’ धक्क्यावर उतरतानाही त्या पोराला एकेकानं सुनावलं. तो वाकून थँक यू म्हणत होता. टीप कुणी दिली नाही. त्यांच्या मते न आलेल्या वादळाचा दंड त्यानंच भरायला हवा होता.

म्हणून सल्ला असा, की तुम्हीही असंच… जाऊ दे. पुरे झालं.

बोटीवरच्या मंडळींनो, तुम्हाला काही माहीत आहे का? बोट सोडायची की नाही हे त्या खाडीत कॅप्टन ठरवत नाही, गाइड तर नाहीच नाही. बंदर प्रशासनानं परवानगी दिली तर बोट सुटते, परत बोलावलं तर फिरते. त्या पोरावर ओरडून काय मिळवलंत? 19 जुलै 2025 ला याच खाडीत, दिवसाउजेडी, दुपारी, बघता बघता आभाळ काळं झालं, गारा पडल्या आणि पर्यटकांची बोट उलटली. बोटीवर 49 माणसं होती. पस्तीसहून जास्त गेली. सुट्टीत आलेली कुटुंबं होती ती, त्यात लहान लहान मुलं. त्याआधी फेब्रुवारी 2011 मध्ये याच टी टॉप बेटाजवळ रात्री नांगरलेली बोट पहाटे बुडाली, वादळसुद्धा नव्हतं. झोपेत 12 जण मेले. तुमची मुलं खालच्या केबिनमध्ये झोपली होती तेव्हा तुम्ही वर डेकवर एका पोराला ‘कुठाय वादळ’ म्हणून विचारत होतात. चांदण्या बघून!

आणि ‘काही झालं नाही’ म्हणून चिडायचं? काही झालं नाही म्हणून चिडणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. अरे, काहीच होऊ नये म्हणूनच तर बोट परत आणली ना त्यांनी! तुम्हाला पुरावा हवा होता का? कोण वर आलं असतं मग तो पुरावा दाखवायला?

पैसे भरलेत, कबूल आहे. मीही भरलेत, माझीही गुहा बुडाली. बुकिंग करताना वादळानं फेरी रद्द झाली तर किती परत मिळतील हे लिहिलेलं असतं, ते कुणी वाचलं होतं? रद्द होऊ शकतं हे माहीत असताना एकाच रात्रीत सगळं कोंबून दुसऱ्या दिवशी हनोईहून विमान ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं? एक दिवस मोकळा ठेवा. फेरी रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी जाता येतं, नाही झाली तर हनोईत बसून कॉफी प्या. कमी पैशांची बोट घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण चढल्यावर पहिल्यांदा लाइफ जॅकेट कुठं आहेत आणि बाहेर पडायचा दरवाजा कुठं आहे ते बघा, वाय-फायचा पासवर्ड नंतर विचारा. आजींनी जॅकेट घातलं तर घालू द्या. त्या बोटीवर अक्कल असलेलं माणूस तेवढंच होतं.

आणि गाइड सांगतो परत चला, तर मुकाट परत चला. नसेल जमत, तर तो फोटो घरबसल्या मोबाइलवर बघा आणि आमच्या बोटीवर येऊ नका.