पंधरावा दात

माझ्या मोटरसायकलला पुढे १४ दात होते आणि मागे ४२. माणसाला मिळून ३२ असतात आणि त्यातले शेवटचे चार येताना जीव नकोसा करतात, हे ध्यानात घेता मी तिच्या दातांच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण शंभर सीसीची गाडी चालवणाऱ्याला आयुष्यात एकदा तरी वाटतंच, की हिच्यात अजून बरंच काही दडलंय आणि ते जगात फक्त मलाच कळलंय.

सुरुवात रीतसर झाली होती. चेन खडखडत होती. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली, तर ती दातांवरून अर्धीअधिक उचलली जाऊन खालून पलीकडचा उजेड दिसत होता. दात तर झिजून एकाच बाजूला कलले होते, शार्कच्या पाठीवरच्या परासारखे. चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेटंही बदलायची, एवढं मला माहीत होतं. झिजक्या दातांवर नवी चेन घातली की तीही थोड्याच दिवसांत त्यांच्या वळणावर जाते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण बैलांपेक्षा चेन सेटला जास्त लागू पडते.

तेवढं करून गप्प बसायचं होतं. पण 'बदलणं' हा शब्द कसा मिळमिळीत वाटतो. 'अपग्रेड' म्हटलं की छाती दोन इंच फुगते. नाहीतरी सगळं खोलायचंच आहे, तर पुढे एक दात वाढवू, असं मनात आलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४२ भागिले १४ म्हणजे ३. मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरायला हवं. ४२ भागिले १५ म्हणजे २.८. इंजिन तेवढंच फिरणार आणि गाडी सात टक्के पुढे जाणार! साठच्या वेगाला गाडी जो टाहो फोडायची, तो आता चौसष्टला फोडेल.

कागद बायकोला दाखवला.

"एका दाताने काय होतंय?"

"पुढचा एक वाढवणं म्हणजे मागचे तीन कमी करण्यासारखंच आहे."

"मग मागचे तीन झिजलेत की आपोआप. अजून काय पाहिजे?"

मी ठेवणीतला मुद्दा काढला. "हे बघ, चेनला कड्या ११२. त्याला १४ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे प्रत्येक दाताची गाठ जन्मभर त्याच त्या आठ कड्यांशी. १५ चं आणि ११२ चं तसं काही जुळतच नाही. त्यामुळे प्रत्येक दात फिरून फिरून प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते."

ती क्षणभर विचारात पडली. "त्याच आठ जणांचं येणं-जाणं असेल तर बरंय की," ती म्हणाली, "डोक्याला ताप कमी."

सेटमध्ये १४ दाती स्प्रॉकेटच आलं होतं. १५ दाती वेगळं आणलं आणि ते कोरं करकरीत १४ दाती ड्रॉवरमध्ये टाकून दिलं, अडगळ म्हणून. ओ-रिंगवाली चेन घ्यायचाही मोह झाला होता. त्या चेनच्या पिनांपाशी रबराच्या बारीक कड्या असतात, आतलं ग्रीस आतच राहतं, आणि ऐकणाऱ्यावर छापही पडते. पण ती चेन रुंदीला जास्त असते आणि माझ्या गाडीच्या बंद चेन कव्हरमध्ये घासली असती. तेवढी एक अक्कल त्या दिवशी शाबूत होती म्हणायची. साधी ४२८ नंबरची चेन घेतली. या आकड्यातला ४ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत चार अष्टमांश इंच, थोडक्यात अर्धा इंच, १२.७ मिमी. बाकीचा आकडा रुंदीचा. हे मी शेजारच्या काकांनाही समजावून सांगितलं. ते हात पाठीमागे बांधून बघायला आले होते. दुसऱ्याची गाडी खोललेली दिसली की जे पावलं न वाजवता येतात, त्यांतले ते.

गाडी मेन स्टँडवर घेतली. पक्कड घातली, चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी) काढलं, काळी कुळकुळीत चेन सर्रकन ओढून बाहेर घेतली आणि वर्तमानपत्रावर निजवली. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. मग पुढचं कव्हर उघडून स्प्रॉकेटच्या पट्टीचे दोन दहाचे बोल्ट खोलायला बसलो. पाना लावून जोर दिला. बोल्ट फिरला. बोल्टबरोबर स्प्रॉकेटही फिरलं. पुन्हा जोर दिला, पुन्हा दोघं गुण्यागोविंदाने फिरले. गाडी गिअरमध्ये टाकली, तर पाना रेटल्यावर इंजिनातून 'फुस्स' असा सुस्कारा आला आणि सगळं मंडळ सावकाश फिरलं.

"चेन कुठाय?" काकांनी विचारलं.

"काढली."

"आधीच?"

मी काही बोललो नाही.

"अरे, चेन असली की चाक त्याला धरून ठेवतं ना! गाडी गिअरमध्ये टाकायची, मागचा ब्रेक कुणालातरी दाबून धरायला सांगायचा आणि मग पाना लावायचा. आता चढव परत."

तेव्हा जिला नुकताच अखेरचा निरोप दिला होता, जिच्या नावाने चार वाईट शब्दही बोलून झाले होते, तिला वर्तमानपत्रावरून उठवून मानाने परत चढवावं लागलं. चेन काढायला अर्धं मिनिट लागलं होतं. चढवायला वीस. बायकोला बोलावून ब्रेकवर उभं केलं. "किती वेळ दाबू?" हे तिने तीनदा विचारलं. बोल्ट 'कट्' असा आवाज करून सुटले तेव्हा मला वाटलं तुटलेच.

मागच्या चाकाबद्दल फार सांगत नाही. चार नट, त्यांच्या कडेला मुडपलेल्या लॉक पट्ट्या, छिन्नी, हातोडी आणि माझा डावा अंगठा, एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

खरी मजा आली ती कड्या मोजताना. नवी चेन १२० कड्यांची होती, जास्तीच्या कापायच्या होत्या. किती ठेवायच्या हे पुस्तिकेत छापलेलं होतं, मी बायकोला ११२ म्हणून सांगूनही झालं होतं. पण हातात पाना असलेल्या माणसाचा छापील अक्षरावर विश्वास राहत नाही. मी जुनी चेन नव्या चेनशेजारी सरळ अंथरली आणि जुनी जिथे संपली तिथे नवीवर खडूची खूण केली. मग खात्रीसाठी जुनीच्या कड्या मोजल्या. १११ भरल्या. बायकोने मोजल्या, ११२. मी पुन्हा मोजायला लागलो, तर सत्तराच्या आसपास काकांनी "तुमच्याकडे ग्राइंडर आहे का?" असं विचारलं आणि मला पुन्हा एकपासून यावं लागलं. १११. ती ठामपणे म्हणाली ११२. शेवटी नव्या चेनवरच्या खुणेपर्यंत मोजलं. ११३.

एक चेन, तीन आकडे, तिघं माणसं. मी खडूच्या बाजूने उभा राहिलो. कारण खडूची खूण माझी होती.

आता कळतं, की तिन्ही आकडे बरोबर होते. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची कडी अशा आलटून पालटून येतात. म्हणून जोडलेल्या चेनच्या एकूण कड्या समच हव्यात. काढून ठेवलेलं लॉक हीसुद्धा एक बाहेरची कडीच. मी लॉक सोडून मोजत होतो. बायकोने ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पडलेलं बघून धरलं होतं. आणि खडू फसला तो जुन्या चेनच्या वयाने. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, झिजतात, पिनेमागे पाव मिमी धरा, आणि ११२ पिनांचं मिळून २८ मिमी होतं. दोन कड्यांहून जास्त! पट्टी लावून बघितलं तेव्हा २० कड्या २५४ मिमी भरायला हव्यात त्या २५९ भरल्या. हे मी आधी बघायला हवं होतं. बघितलं नंतर.

कारण तोवर मी ११३ वर कापून, लॉक लावून ११४ ची चेन चढवूनही झालो होतो.

"चाक एवढं मागे कसं काय?" काका म्हणाले. खरंच, नवी कोरी चेन असून चाक जवळपास तिथेच बसलं होतं जिथे जुन्या चेनच्या म्हातारपणी येऊन ठेपलं होतं. नंतर कधी चेन ताणायची म्हटलं तर मागे जागाच उरली नव्हती. "जास्तीची कापता येते," ते म्हणाले, "कमीची कापली असतीस तर बसला असतास." सांत्वनाची त्यांची हीच पद्धत आहे.

पुन्हा ग्राइंडर, पुन्हा पिनांची डोकी घासणं, पुन्हा पंच आणि हातोडी. ठिणग्या उडत असताना मला त्या हान्स रेनॉल्डची आठवण झाली. १८८० साली मँचेस्टरमध्ये बसून त्याने ही बुश आणि रोलरची चेन काढली आणि तेव्हापासून तिच्या मूळ रचनेत कुणाला फारसा हात घालावा लागलेला नाही. पिन, बुश, रोलर, पट्ट्या. माझ्या ११२ कड्यांत सगळे मिळून पाचशे साठ तुकडे. यातला एकसुद्धा मी नीट काढू शकत नव्हतो.

लॉकची क्लिप म्हणजे नखाएवढी पत्र्याची वस्तू. ती कोणत्या तोंडाने बसवायची याचा नियम काकांनी एका वाक्यात सांगितला: "मासा आहे असं समज. मासा शेपटीकडून पोहतो का?" म्हणजे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे, फटीचं टोक मागे. मी माशाला स्क्रू ड्रायव्हरने हलकेच ढकललं आणि मासा 'टिंग' म्हणून उडाला.

पुढची पंचवीस मिनिटं आम्ही तिघं जमिनीवर ओणवे. मी स्टँडखाली, चाकाखाली, पायपुसण्याखाली स्क्रू ड्रायव्हर फिरवून फिरवून शोधत होतो. शेवटी बायको म्हणाली, "जरा तो स्क्रू ड्रायव्हर दाखव." त्याचं टोक चुंबकाचं होतं. क्लिप त्याला चिकटलेली होती. तिला मी घरभर हिंडवून आणलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा काखेत तरी असतो. माझा हातात होता.

बाकी सगळं पटापट झालं. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून चाक सरळ केलं, खालच्या बाजूला मधोमध चेन २५ मिमी वर-खाली होईल इतकीच सैल ठेवली, चाक फिरवून जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथे पुन्हा बघितलं. चाक पुढे आल्यामुळे ब्रेकचा पायटा पार खाली गेला होता. हेही काकांनीच सांगितलं, आणि मी निघाल्यावर नव्हे तर निघण्याआधी सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गाडी काढली आणि थक्क झालो. आवाजच नाही! सपाट रस्त्यावर साठला इंजिन असं निवांत चाललं होतं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसवलंय. मी मान वाकवून चेनकडे बघत चालवलं, हे करू नये. मग पुढे मोकळा रस्ता बघून पूर्ण पिळली. पूर्वी चौथ्यात ८२ पर्यंत काटा जायचा. आता ७९ ला जाऊन तो तिथेच विचार करत राहिला. माझ्या गाडीची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे दातांच्या भानगडीत तिचा काही हात नाही आणि काट्याला दोष द्यायचीही सोय नाही. गणितात मी वारा धरलाच नव्हता. वाऱ्याला कापत जायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग सात टक्के वाढवायचा तर ताकद बावीस-तेवीस टक्के जास्त हवी. ती मी कुठून आणणार होतो? दात वाढवून घास मोठा केला, पण पचवायला पोट तेवढंच.

घरी आल्यावर "कशी झालीय?" या प्रश्नाला मी "मक्खन" असं उत्तर दिलं आणि त्याच उत्तरावर आठवडाभर टिकून राहिलो.

आठव्या दिवशी बायको मागे बसली होती, तिच्या मांडीवर पिशवी, आणि समोर चढ. हा चढ आम्ही कायम तिसऱ्यात आरामात चढायचो. तिसऱ्यात गाडी घुसमटली. दुसऱ्यात टाकली, तर ओरडायला लागली. तिसऱ्यात परत टाकली, तर हँडल थरथरायला लागलं.

"मी उतरू का?" मागून आवाज आला.

"नको, जाते. जरा दम घेतेय."

तेवढ्यात उजवीकडून काका त्यांच्या जुन्यापुराण्या स्कूटरवरून सावकाश पुढे गेले. जाताना त्यांनी हॉर्न वाजवला नाही, वळूनही बघितलं नाही. फक्त आरशात त्यांचे सगळे दात दिसले.

"पंधरावी अक्कलदाढ असते का रे?" बायकोने विचारलं. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

काल संध्याकाळी ड्रॉवर उघडून ते १४ दाती काढलं. पुसलं. चाक मागे सरकवायचं म्हणजे तीन मिमी, चेन तीच चालते, काम दोन बोल्टांचं. बायको न बोलवता येऊन ब्रेकवर उभी राहिली. मी गाडी गिअरमध्ये टाकली, पाना लावला, आणि मागून ओळखीची, न वाजणारी पावलं आली.

"चेन आहे जागेवर," मी वर न बघता म्हणालो.