व्हिडिओ लावला म्हणजे शिकवून झालं नाही

मुलांनी इंटरनेटवरून शिकावं का, या तिकडच्या, भारतातल्या वादात सध्या दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, इंटरनेटवर सगळं फुकट आहे, मग शिक्षक कशाला? दुसरी म्हणते, फुकटचं कुचकामी, पोराला क्लास लावा. दाखला दोघांचाही एकच: इंटरनेटवर फुकट धडे आणि सराव देणाऱ्या खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान (नट नव्हेत). वर ‘मूळचा आपल्याकडचाच’ हा अभिमान. वडील बांगलादेशातल्या बारिसालचे, आई पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची, जन्म अमेरिकेतल्या लुइझियानातला. अभिमान जरूर बाळगा, पण त्यांनी नेमकं केलं काय, तेही बघा.

२००४ मध्ये नात्यातली नादिया एककांच्या रूपांतरात अडली, म्हणून ते तिला दुरून शिकवू लागले. यूट्यूबवरचे व्हिडिओ २००६ चे. सराव-प्रश्न देणारं छोटं सॉफ्टवेअर त्यांनी त्याआधीच लिहिलं होतं. व्हिडिओ नंतर आला, सराव आधी. वादात हा क्रम कुणीच सांगत नाही, आणि मला चीड येते ती त्याचीच.

खान अकॅडमीवर स्वाध्यायात सगळी उत्तरं बरोबर आली तरच मूल ‘प्रवीण’ ठरतं, सत्तर टक्क्यांना नुसतं ‘परिचित’. सूचना (हिंट) उघडून पाहिली की तो प्रश्न चुकलेला धरतात. शेवटची पायरी स्वाध्यायात नाही, घटक चाचणीसारख्या मिश्र चाचणीत मिळते, आणि तिथे चुकलं तर मूल खाली येतं.

आता ३/४ + १/६ घ्या. मूल अंशात अंश, छेदात छेद मिळवून ४/१० लिहितं. मिळवूनही उत्तर ३/४ पेक्षा लहान आलं, हे त्याला खटकत नाही. इथे समच्छेदाची रीत पुन्हा घोकून उपयोग नाही; सममूल्य अपूर्णांकांवर मागे जायला हवं. शिक्षकाला खान अकॅडमीच्या अहवालात चूक दिसते. मागे कुठवर जायचं, ते बाईच ठरवणार.

इथे अमेरिकेत सब, म्हणजे बदली शिक्षक, आला तरी मुलं आपापला क्रोमबुक लॅपटॉप उघडतात आणि कालच्या जागेवरून पुढे जातात. तिकडे भिंतीवर एक टीव्ही, समोर अख्खा वर्ग, कुणाच्या हातात पेन्सिल नाही, आणि नाव मात्र डिजिटल शाळा!

‘तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे,’ हे ठरलेलं उत्तर. सोपं आहे, मान्य. पण हिशेब करताना माझ्या मनात आजही पाढे मराठीतच येतात. त्या वर्गांबद्दल गप्प बसायला मी परका झालेलो नाही.

आणि प्रत्येकाला यंत्र लागतं असंही नाही. पाच टॅब, चाळीस मुलं: पाच-पाचांचे आठ गट, आठवड्यातून प्रत्येकी पंधरा मिनिटं. टॅब एकूण दोन तास फिरतात. बाकीचा वर्ग वहीत तोच घटक सोडवतो. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा आणि उठताना लॉगआउट करायला लावा. नाहीतर एकाच्या चुका दुसऱ्याच्या नावावर जातात आणि अहवाल वाचण्यात अर्थ उरत नाही. शुक्रवारी तो अहवाल उघडून एकाच ठिकाणी अडलेली चार-पाच मुलं बाजूला घ्या. तेवढी वीस मिनिटं बाईंना मिळावीत म्हणून भांडा.