माहेरचं नाव

आठ ओळींचा सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरला उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम. डू-गेटमध्ये ‘नमस्कार इंदूर’ छापायचं, बस्स. क्लास वेब-इन्फमधल्या क्लासेस फोल्डरात, सगळ्याचं गाठोडं म्हणजे वॉर फाइल, सर्व्हलेट चालवणाऱ्या टॉमकॅट १० या सर्व्हरच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरात, ती आपोआप उलगडलीसुद्धा. ब्राउझरात ८०८० पोर्टचा पत्ता टाकला. उत्तर: ४०४, म्हणजे असं पान सापडत नाही.

चुकलं तर माणूस निदान बोंबलतो. लॉगमध्ये मात्र ठणठणीत: डिप्लॉयमेंट इतक्या मिलिसेकंदांत पूर्ण! वेब-इन्फ लहान लिपीत लिहिलं, पत्त्यात वॉरचं नाव चुकलं, तरी हेच ४०४. म्हणून दीड तास भलतीकडेच खणत बसलो.

रामबागेतल्या घरी आत्या शेजारी मटार सोलत होती. “झालं काय रे?”

सांगितलं. ओरॅकलने २०१७ साली जावा ईई, म्हणजे सर्व्हलेट वगैरेंचा जावातला संच, इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण ‘जावॅक्स’ नावाखाली बदल करायची परवानगी काही मिळेना. म्हणून २०२० साली त्याच संचाच्या नव्या अवतारात, जकार्ता ईई ९ मध्ये, जावॅक्स.सर्व्हलेटचं जकार्ता.सर्व्हलेट झालं. टॉमकॅट ९ ला जुनं नाव कळतं, १० ला नवंच. माझे इम्पोर्ट, म्हणजे कोडच्या माथ्यावर लिहिलेली ही नावं, जुने; त्यामुळे क्लासवर सर्व्हलेटचा पत्ता सांगणारी माझी @वेबसर्व्हलेट ही खूण त्याच्या खिजगणतीतच नाही. त्या खुणेऐवजी वेब.एक्सएमएल फाइलमध्ये नोंद केली असती तर क्लास सापडत नाही म्हणून ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक, तरी आला असता.

“आत काम तेच?”

“तेच.”

“फक्त नाव?”

“फक्त नाव.”

आत्याने शेंग खाली ठेवली. “मग हे माझंच झालं की. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, मला कोण विचारतंय! शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासबुकावर सासरचं. पंचेचाळीस वर्षं दोघी सुखाने नांदल्या. आता बँकेतला पोरगा विचारतो, दोघी एकच कशावरून? म्हटलं, भिया, मी समोर उभी आहे ना!”

“मग?”

“म्हणाला, सिस्टिम में नहीं दिख रहा.”

४०४!

नाव बदलणारे बदलून मोकळे होतात, हेलपाटे आठ ओळीवाल्याला. टॉमकॅटने निदान वाट ठेवलीय: वेबअ‍ॅप्सशेजारी वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डर करून जुनी वॉर त्यात टाकली, की तो नावं बदलून ती वेबअ‍ॅप्समध्ये ठेवतो. घरच्याच कोडसाठी एवढं कशाला? इम्पोर्ट बदलले, टॉमकॅटच्याच लिब फोल्डरमधली सर्व्हलेट-एपीआय जार ही नव्या नावांची फाइल क्लासपाथवर (कंपायलर क्लास शोधतो त्या यादीत) घेऊन पुन्हा कंपाइल केलं. ‘नमस्कार इंदूर’ उमटलं.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. “झालं ना तुझं? उद्या नोटरीकडे चल. शपथपत्राची चौथी खेप आहे.”